आपल्या घराची मोजणी आपणच करू
(शीला पटेल यांच्या कामाची ओळख)

 

गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की हल्ली एकच विषय निघतो, घरकुलाचा. कुणाचं नाव यादीत आलं, कुणाचं राहिलं, कुणाचा पहिला हप्ता पडला, कुणाचं जोतं होऊन काम थांबलं. म्हणून आज आपण घराविषयी बोलणार आहोत. त्यासाठी एका बाईंची ओळख करून देणार आहोत. त्यांचं नाव शीला पटेल. गरिबांच्या घरांचं सरकारी धोरण कसं असावं, यावर गेली चाळीस वर्षं काम करणाऱ्या आणि लिहिणाऱ्या या मुंबईच्या बाई. २०११ साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या तज्ज्ञ बाईंचा आणि आपल्या पत्र्याच्या घराचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. त्यांचं सगळं काम ज्या गोष्टींवर उभं राहिलं, त्या आपल्या गटाच्या पेटीतच आहेत. बायांची बचत, बायांची बैठक आणि बायांनी ठेवलेली नोंद.

शीलाताईंनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचं शिक्षण घेतलं. मग नागपाड्याच्या नेबरहूड हाउस या संस्थेत बरीच वर्षं काम केलं. तिथं त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. संस्थेत येणाऱ्यांना मदत मिळते, पण सगळ्यांत गरीब माणूस संस्थेच्या दारापर्यंत येतच नाही. संस्थेबाहेरच्या फुटपाथवर संसार मांडून बसलेल्या बाया कुणाच्याच कामात बसत नव्हत्या. मग १९८४ साली या मंडळींनी स्पार्क नावाची वेगळी संस्था काढली. तिचं काम सुरू झालं भायखळ्याला, महापालिकेच्या दवाखान्याच्या एका गॅरेजमध्ये. फुटपाथवरच्या बायांनी यावं, बसावं, पाणी प्यावं, मनातलं बोलावं, एवढीच सुरुवातीची सोय होती.

या बाया कोण होत्या? गावाकडं शेत नाही, किंवा आहे ते पिकत नाही, दुष्काळ पडला, कर्ज झालं म्हणून मुंबईला आलेल्या. आपल्या मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्या आजींना हे वेगळं सांगायला नको. खडी फोडून ज्यांचं भागलं नाही, त्यांनी शहराची वाट धरली. शहरात गेल्यावर खोली घेण्याइतके पैसे नाहीत. काम मिळालं त्याच्या जवळच्या भिंतीला टेकून चार बांबू, गोणपाट आणि प्लास्टिक लावलं, तेच घर झालं. रस्ता झाडायच्या आधी उठायचं, अंधारात आंघोळ उरकायची. महापालिकेची गाडी आली की भांडीकुंडी उचलून पळायचं, आणि गाडी गेली की परत तिथंच चूल मांडायची.

१९८१ साली त्या वेळचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना शहराबाहेर हलवायचं जाहीर केलं. ऐन पावसाळ्यात झोपड्या तुटायला लागल्या. तेव्हा ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार बाई, काही फुटपाथवासी आणि काही संस्था कोर्टात गेल्या. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० जुलै १९८५ ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. न्यायालयानं सांगितलं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. माणसाचं कामाजवळचं राहणं तोडलं, तर त्याची भाकरीही तुटते. हे वाक्य देशभर गाजलं. पण निकालाचा दुसरा भागही होता. फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क कुणालाच नाही, पावसाळा संपला की महापालिका झोपड्या काढू शकते. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर हजारो संसार उघड्यावर पडणार होते.

आता काय करायचं? मोर्चा काढायचा, दगड मारायचे, की मुकाट्यानं उठायचं? भायखळ्याच्या बाया म्हणाल्या, आम्हाला मारामारी नको आणि आम्हाला जायला जागाही नाही. तेव्हा शीलाताई आणि त्यांच्या सोबत्यांनी बायांना बरोबर घेऊन एक वेगळंच काम हाती घेतलं. फुटपाथवर राहणाऱ्यांची शिरगणती केली.

कारण सरकारकडं या माणसांची कसलीच नोंद नव्हती. झोपडपट्टीच्या यादीत नाव नाही, बहुतेकांकडं रेशनकार्ड नाही. शहरातले लोक म्हणायचे, हे उपरे आहेत, कालच आलेत, चोर आहेत, भिकारी आहेत. मग घरोघर विचारपूस झाली. किती जण आहात, कुठून आलात, किती वर्षं झाली, काय काम करता, किती मिळतं? सुमारे सहा हजार कुटुंबांची, सत्तावीस हजारांच्या आसपास माणसांची नोंद झाली. यातली कित्येक कुटुंबं दहा-दहा, वीस-वीस वर्षं त्याच जागी राहत होती. ती हमाली करत होती, घरकाम करत होती, भाजी विकत होती, बांधकामावर जात होती. शहराला लागणारी स्वस्त मजुरी तीच पुरवत होती. १९८५ सालीच हा अहवाल इंग्रजीत छापला गेला. त्याच्या नावाचा अर्थ होतो, ‘आम्ही, न दिसणारी माणसं’.

मैत्रिणींनो, शीला पटेल यांच्या लिखाणाची सुरुवात इथून धरायला हवी. नाव एका संस्थेचं असलं, तरी त्यातलं ज्ञान फुटपाथवरच्या बायांनी सांगितलेलं होतं. ते लिहून काढल्यामुळं ‘हे लोक कोण आहेत’ असं म्हणायची सोय राहिली नाही. नवलाची गोष्ट म्हणजे ज्या मोठ्या पाडापाडीची भीती होती, ती त्या वर्षी झाली नाही.

पुढच्याच वर्षी, १९८६ ला, या बायांनी स्वतःची संघटना बांधली. तिचं नाव महिला मिलन. याच सुमारास जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघही बरोबर आला. जोकिन स्वतः झोपडपट्टीत राहिलेले. मुंबईच्या जनता कॉलनीतली त्यांची वस्ती १९७६ साली उठवली गेली होती. स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन अशी तिघांची भागीदारी झाली. महासंघानं माणसं एकत्र करायची, महिला मिलननं बचत आणि वस्तीचा कारभार सांभाळायचा, स्पार्कनं कागदपत्रं, पैशाचा हिशेब आणि सरकारशी बोलणी बघायची.

महिला मिलनच्या बचतीची पद्धत ऐका, तुम्हाला ती ओळखीची वाटेल. रोजची कमाई असलेल्या बायांनी रोज रुपया-दोन रुपये टाकायचे. अडीअडचणीला त्यातूनच कर्ज घ्यायचं. घरात धान्य नाही, लेकरू आजारी आहे, गावाकडं मयत झालीय, यासाठी सावकाराच्या दारात जायचं नाही. बऱ्याच बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एक तोड काढली. प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि त्यात रंगीत कागदाचे तुकडे. एकेका रंगाला एकेक रक्कम ठरलेली. पिशवी ओतली की आपली किती बचत झाली, हे बाईला स्वतः मोजता यायचं. या कर्ज योजनेवर शीला पटेल आणि सेलिन डिक्रूझ यांनी १९९३ साली एक लेख लिहिला. त्याच्या नावात बी आणि झाड आहे, बीपासून झाडापर्यंतचा प्रवास. तो जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. आपण आपल्या गटात दहा-वीस वर्षं जे करतोय, त्याचं मोल किती आहे, हे त्यावरून कळतं.

बचत घरासाठीच होती. पण घर कसं हवं, हे कुणी विचारलंय का कधी बाईला? इथं विचारलं गेलं. बायांनी लाकूड, बांबू आणि कापड घेऊन खऱ्या मापाची घरं उभी केली, त्यात उभं राहून पाहिलं, वाकून पाहिलं. त्यांनी सांगितलं, जागा लहान असेल तर चालेल, पण भिंत चौदा फूट उंच करा. मग आम्ही आत माळा काढू. वर लेकरं झोपतील, अभ्यास करतील, खाली स्वयंपाक होईल. हे गणित इंजिनियरच्या नकाशात नव्हतं. घराची ही मॉडेलं लोकांना दाखवण्यासाठी प्रदर्शनं भरली. अधिकारी, नगरसेवक, वास्तुरचनाकार येऊन बघून गेले, आणि बायांनी त्यांना आपल्या तोंडानं समजावून सांगितलं. शहराच्या विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी राखलेली जागा कुठं कुठं रिकामी पडलीय, हेही बाया फिरून बघून आल्या. त्यामुळं मुंबईत जागाच नाही, हे ऐकून गप्प बसायची गरज उरली नाही.

हे सगळं एका वर्षात झालं नाही. शिरगणतीनंतर दहा वर्षांनी, १९९५ साली, महाराष्ट्राच्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवर राहणारी कुटुंबंही घराला पात्र धरली गेली. ज्यांची आधी नोंदच नव्हती, ती सरकारी धोरणात आली. प्रत्यक्ष घर हातात यायला त्यानंतरही कित्येकींना बरीच वर्षं लागली. मानखुर्दला फुटपाथवरच्या बायांची मिलन नगर नावाची वसाहत झाली. त्या दहा-वीस वर्षांत महिला मिलनच्या बायांनी बचत सोडली नाही, बैठक मोडली नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण आपल्याकडं एकदा यादीत नाव आलं नाही, की आपण दुसऱ्या वर्षी विचारायलाही जात नाही.

शिरगणतीचा दुसरा मोठा उपयोग रेल्वेच्या रुळाकडेला झाला. मुंबईच्या लोकलच्या रुळांना लागून हजारो झोपड्या होत्या. रुळ ओलांडताना माणसं मरायची आणि गाड्याही सावकाश चालवाव्या लागायच्या. या झोपड्यांचीही मोजणी लोकांनीच केली. प्रत्येक झोपडीला नंबर दिला आणि नकाशा काढला. पुढं मुंबईच्या रेल्वे सुधारणेचा मोठा प्रकल्प आला, तेव्हा ही यादी तयार होती. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांनी आपापल्या गृहनिर्माण सोसायट्या केल्या आणि लोक स्वतः आपली झोपडी उतरवून नव्या जागी गेले. सुमारे ६० हजार माणसं पोलिसांच्या काठीशिवाय हलली. याविषयी शीला पटेल, सेलिन डिक्रूझ आणि सुंदर बुर्रा यांनी २००२ साली लिहिलं. त्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं की माणसांना हलवावंच लागणार असेल, तर यादी कुणी करायची, कधी हलायचं आणि शेजारी कोण असणार, हे त्या माणसांनी ठरवावं.

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये सार्वजनिक संडास बांधायच्या कामातही महिला मिलनच्या बाया होत्या. आधीचे संडास कसे असायचे, तुम्हाला ठाऊक आहे. दार नाही, पाणी नाही, लेकरं बाहेर नालीवर बसणार. बायांनी आराखडा बदलला. बायांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं. लहान लेकरांसाठी उथळ, छोटे संडास. देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी तिथंच खोली. महिन्याला कुटुंबानं थोडे पैसे द्यायचे आणि स्वच्छता टिकवायची. यावरचा लेखही २००३ साली छापला गेला. १९९६ साली तर भारत, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांतल्या झोपडपट्टी संघटनांनी मिळून एक जागतिक संघटना केली. शीलाताई तिच्या अध्यक्ष झाल्या. भायखळ्याच्या बाया विमानानं आफ्रिकेत गेल्या, आणि तिथल्या बायांना बचत कशी करायची, घरं कशी मोजायची, हे दाखवून आल्या.

सगळंच गोड झालं, असं मात्र नाही. टीकाही झाली, आणि ती ऐकली पाहिजे. काही कार्यकर्ते म्हणाले, संस्थांनी सरकारशी भांडायला हवं होतं, लोकांना हलवायच्या कामात मदत करायला नको होती. नव्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा नीट येत नाही. काम एकीकडं आणि घर दुसरीकडं पडल्यामुळं कित्येक बायांची धुणीभांडी सुटली. पक्कं घर म्हणजे सुखाचं घर असं होत नाही. हवा, उजेड, पाणी, संडास, रोजगार आणि ओळखीची माणसं ही सगळी घराचाच भाग आहेत. अलीकडं शीलाताई वाढत्या उन्हाळ्यावर बोलतात. गरिबाच्या पत्र्याच्या घरात उष्णता किती साचते आणि ती कमी करायला काय करता येईल, यासाठी त्यांनी इतर देशांतल्या संघटनांबरोबर मोहीम काढली आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याखाली बसून बघितलेल्या आपल्यासारख्या बायांना हा विषय लगेच कळेल.

आता आपल्या गावाकडं वळू. आपल्या घनसावंगी तालुक्यात आणि एकूणच जालना-बीड पट्ट्यात कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ती उन्हाळ्यात परत येतात. या मधल्या पाच-सहा महिन्यांत गावात सर्वेक्षण झालं, ग्रामसभा झाली, की दाराला कुलूप असलेल्या घराचं नाव सुटायची भीती असते. सासू-सासऱ्यांच्या एकाच घराची नोंद असते आणि आत तीन चुली असतात. नवरा वारलेली किंवा सोडून दिलेली बाई माहेरी भावाच्या पडवीत राहते, ती कुठल्याच घरात मोजली जात नाही. फुटपाथवरच्या बायांसारख्याच आपल्यातल्या कित्येकी न दिसणाऱ्या राहतात.

म्हणून आम्ही सर्व गटांना चार कामं सुचवतो.

पहिलं काम, मोजणी. प्रत्येक गटानं आपल्या गल्लीची यादी करावी. घर कुडाचं, मातीचं, पत्र्याचं की स्लॅबचं? आत कुटुंबं किती, चुली किती? जागा कुणाच्या नावावर? संडास आहे का, पाणी कुठून येतं? ऊसतोडीला कोण जातं, कोणत्या महिन्यात? एकट्या बाया किती? लिहिता येणाऱ्या मुली लिहितील, बाकीच्यांनी सांगायचं. एक साधी वही पुरते. सगळ्या गटांच्या याद्या ग्रामसंघात एकत्र करायच्या.

दुसरं काम, सरकारी यादी बघायची. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, ज्याला आपण नुसतं घरकुल म्हणतो, ती २०१६ पासून चालू आहे. त्याआधी १९८५ पासून इंदिरा आवास होती. आताच्या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी खात्यात येतात. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. संडासाचे पैसे आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या राज्याच्या योजना आहेत. ज्यांना जागाच नाही, त्यांना जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. आपली मोजणी आणि सरकारी यादी शेजारी-शेजारी ठेवायच्या. जी नावं सुटली असतील ती ग्रामसभेत वाचून दाखवायची, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

तिसरं काम, नाव. घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यावं, असा योजनेचाच नियम आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. राज्य सरकारनं त्याबद्दल सूचना काढून वीस वर्षं होऊन गेली. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पक्का दाखला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण भांडणाच्या वेळी, घराबाहेर काढायची धमकी मिळते तेव्हा, कागदावर नाव असलेली बाई आणि नसलेली बाई यांत किती फरक पडतो, हे आपण सगळ्याजणी जाणतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरच्या नमुना ८ चा उतारा घेऊन या. कुणाकुणाचं नाव आहे, ते बघू.

चौथं काम, घराचा नकाशा बांधायच्या आधी करायचा. अंगणात चुना टाकून किंवा दोरी लावून खोलीचं माप आखा. चूल कुठं, मोरी कुठं, कणग्या कुठं, वारा कुठून येणार, खिडकी कुठं? रात्री उठून संडासाला जाताना किती पावलं चालावी लागणार? गवंड्यानं काय ते ठरवावं, असं म्हणू नका. स्लॅब पडल्यावर खिडकी सरकत नाही. त्या घरात दिवसातले जास्त तास आपणच काढणार आहोत.

मैत्रिणींनो, शीला पटेल यांना लोक तज्ज्ञ म्हणतात. पण त्यांच्या लेखांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. वस्तीची माहिती वस्तीतल्या बायांजवळच असते. तज्ज्ञाचं काम ती ऐकायची, नीट लिहायची आणि जिथं निर्णय होतो तिथं न्यायची. भायखळ्याच्या बायांकडं सातबारा नव्हता, घर नंबर नव्हता, रेशनकार्डसुद्धा नव्हतं. आपल्याकडं गाव आहे, गट आहे, बँकेचं खातं आहे, ग्रामसंघ आहे, ग्रामसभेत बोलायचा हक्क आहे.

वही प्रत्येक गटाकडं आहे. तिच्या मागच्या पानांवर घरांची यादी सुरू करा. या वर्षी ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आत ती पुरी झाली पाहिजे, म्हणजे दाराला कुलूप लागलं तरी आतलं नाव सुटणार नाही. यादी करताना काही अडलं, तर प्रभागसंघाच्या बैठकीत विचारा, आम्ही तिथं असू.